बटण दाबायच्या आधी : मुलांना घेऊन विज्ञान केंद्रात जाताना

पहिल्या वेळी आम्ही चुकीच्या इमारतीसमोर उतरलो. डोंबिवलीहून निघालेली पाच माणसं: आम्ही दोघं, अकरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. दादरला टॅक्सीत बसताना मी ऐटीत "वरळी, नेहरू" एवढंच सांगितलं आणि त्या भल्या माणसाने आम्हाला तारांगणाच्या दारात सोडलं. चूक माझीच. वरळीत नेहरूंच्या नावाच्या दोन जागा आहेत. तारांगण आहे ते डॉ. ॲनी बेझंट रोडवर, नेहरू सेंटरच्या आवारात. आणि जिथे ओढून, ढकलून, फिरवून बघायचं असतं ते नेहरू विज्ञान केंद्र डॉ. ई. मोझेस रोडवर, महालक्ष्मीच्या बाजूला. गाडीवाल्याला पूर्ण नाव आणि रस्ता, दोन्ही सांगा.

पण तो दिवस वाया गेला तो या चुकीमुळे नाही. योग्य जागी पोचल्यावर आम्ही तीन तासांत सगळी दालनं उरकली. लग्नाला गेल्यावर ओळखीच्या प्रत्येकाला हात दाखवून पुढे सरकतो ना, तसं. परतीच्या लोकलमध्ये सासूबाईंनी धाकट्याला विचारलं, "काय काय बघितलंस रे?" तो म्हणाला, "खूप बटणं होती."

त्यानंतर आम्ही आणखी चारदा गेलो आणि दर खेपेला कमी कमी बघितलं. शेवटच्या खेपेला फक्त सात खेळणी बघितली. त्या दिवशी धाकटा आजीला लोकलमध्ये कप्पी समजावून सांगत होता, तेही चुकीची, आणि आजी त्याची चूक काढत होत्या. खाली लिहिलंय ते या फेऱ्यांमधून जमलेलं आहे.

आधी थोडं या जागांबद्दल

वरळीचं सगळं मिळून लिहिलंय, पण नागपूरला गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्राला, पणजीत मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्राला किंवा चिंचवडच्या सायन्स पार्कला जाणाऱ्यांनाही हे जवळजवळ जसंच्या तसं चालेल. ही सगळी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या घराण्यातली किंवा तिने उभारून दिलेली केंद्रं. परिषद १९७८ सालची. वरळीत आधी १९७९ मध्ये उघड्यावरचं विज्ञान उद्यान झालं आणि पूर्ण केंद्राचं उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं.

त्याही मागे एक माणूस आहे: फ्रँक ओपेनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्याने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला 'एक्सप्लोरेटोरियम' सुरू केलं. तिथे वस्तू काचेआड न ठेवता लोकांच्या हातात दिल्या, आणि ती खेळणी कशी बनवायची याच्या कृतीही छापून सगळ्यांना मोकळ्या करून टाकल्या. पुरणपोळीची कृती लपवून ठेवणाऱ्यांच्या जगात हे मला फार आवडतं. म्हणूनच अमेरिकेतल्या भाच्याला जे खेळणं दिसतं त्याचा भाऊबंद नागपुरातही सापडतो. खेळणी बदलत राहतात, एखादं दुरुस्तीला गेलेलं असतं. तेव्हा नावांची यादी पाठ करून जाऊ नका, कुठलं खेळणं कशाचं आहे ते ओळखता आलं की पुरे.

आदल्या आठवड्यात

मुलांची तयारी करून घेऊ नका. हे उलटं वाटेल, पण "उद्या आपण ध्वनीचं परावर्तन बघणार आहोत" म्हटलं की सहलीची शाळा होते. फक्त एक प्रश्न पेरून ठेवा. आम्ही जेवताना विचारलं होतं, "झोक्यावर जाड माणूस बसला तर झोका हळू जाईल की जोरात?" घरात दोन तट पडले. कुणीही उत्तर सांगितलं नाही. तो प्रश्न आठवडाभर घरात तसाच राहिला.

तुमची तयारी मात्र हवी.

केंद्र त्या दिवशी उघडं आहे ना, किती वाजेपर्यंत आहे आणि शोच्या वेळा काय आहेत हे संकेतस्थळावर किंवा फोनवर त्याच आठवड्यात बघून घ्या. होळी-दिवाळीच्या आसपास तर नक्कीच. आत काही शोंची तिकिटं वेगळी काढावी लागतात. सगळ्यांची तिकिटं एकदम काढली की दिवसभर घड्याळाच्या मागे धावावं लागतं. एकच शो घ्या, आणि तोही जेवणानंतरचा, पाय दुखायला लागल्यावर. अंधाऱ्या थंडगार हॉलमध्ये अर्धा तास बसायला मिळतं आणि सहा वर्षांचं मूल तिथे बिनधास्त झोपतं. झोपू द्या.

कपडे: पळता येईल असे, खिसेवाले. पायात पट्ट्याचे किंवा लेसचे बूट, कारण चपला कप्पीच्या खुर्चीवरून हमखास खाली पडतात. सासूबाईंनी दुसऱ्या खेपेला स्वतःहून पंजाबी ड्रेस घातला. का, ते पुढे येईल. खांद्याला अडकवायची एकच पिशवी घ्या, दोन्ही हात मोकळे राहायला हवेत. तिच्यात पाणी, रुमाल, एक वही, दोन पेन्सिली आणि हातभर सुतळी. सुतळी कशाला, तेही पुढे.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे, जे हाताने खाऊन हात पुसता येईल असं. रस्साभाजी नको. दालनात खायचं नसतं, बाहेर सावलीत बसून खायचं.

कधी आणि कसं जायचं

डिसेंबर-जानेवारी उत्तम. मे महिन्यात सुट्टी असते म्हणून सगळे जातात, पण वरळीच्या उद्यानातली लोखंडी खेळणी दुपारी बाराला तव्यासारखी तापतात. मेमध्येच जायचं असेल तर दिवस उलटा लावा: आधी आतली दालनं, चारनंतर उद्यान. पावसाळ्यात उद्यानाचा भरवसा नाही.

शाळांच्या सहली आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी येतात. साठ मुलं एका रांगेत, प्रत्येकाला एका खेळण्यापाशी दहा सेकंद. त्यांच्यात तुमचं मूल सापडलं तर तेही दहा सेकंदांचं होऊन जातं. या सहली जेवायला गेल्या की दालनं एकदम रिकामी होतात. २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, कार्यक्रम चांगले असतात, पण गर्दी तितकीच. शांतपणे खेळायचं असेल तर तो दिवस टाळा. कुणाचं भाषण ऐकायचं असेल तर तोच गाठा.

रेल्वेने महालक्ष्मी. दादरहून तिसरं स्टेशन, पण फास्ट गाडी थांबत नाही, स्लोच पकडा. डोंबिवली-कल्याणवाल्यांनी दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर यायचं. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट दिसतो, तिथे पाच मिनिटं थांबलात तरी चालेल. पुढे रेसकोर्सच्या बाजूने चालत किंवा टॅक्सीने. आता मेट्रो ३ वर 'सायन्स सेंटर' याच नावाचं स्थानक झालंय, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर मेट्रोच बरी.

आत शिरण्याआधी तीन गोष्टी

एक, भेटायची जागा ठरवा. आवारात 'मारुत' विमान ठेवलेलं आहे. भारतात रचना झालेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. आमच्यात ठरलेलं असतं: हरवलास तर विमानापाशी जाऊन उभा राहा, हलू नकोस. शिवाय खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

दोन, माणसं वाटून घ्या. एका मोठ्या माणसामागे जास्तीत जास्त दोन मुलं. पाच जणांनी घोळक्याने फिरू नका. अकरा वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलाचा वेग कधीच जमत नाही आणि मग थोरली धाकट्यावर वैतागते.

तीन, मोबाइल पिशवीत. फोटो शेवटी, एकदाच काढायचे.

आमचा नियम : अंदाज, करून बघ, एक बदल

तुमचा दिवस ठरणार तो इथे. अशा ठिकाणी एक जात बघायला मिळते, आमच्या घरात तिला 'बटणबहाद्दर' म्हणतात. बटण दाबायचं, दिवा लागला की पळायचं पुढच्या बटणाकडे. यात मुलांचा दोष नाही. मोठी माणसंच "चल, पुढे अजून खूप आहे" म्हणत हाताला धरून ओढत असतात.

आम्ही ठरवलं की हात लावण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, काय होईल. चुकलं तर चुकलं. मग करून बघायचं. आणि मग एकच गोष्ट बदलून पुन्हा करायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. मिठाचं आणि तिखटाचं माप एकाच दिवशी बदललं की आमटी का बिघडली ते सांगता येत नाही, तसंच.

फलक वाचायचे, पण सगळ्यात शेवटी. आणि मोठ्यांनीही अंदाज सांगायचा. आई चुकते हे बघायला मुलांना फार आवडतं, आणि मी सारखी चुकते.

उद्यानात : कुजबुजीची थाळी

माणसापेक्षा उंच अशा दोन मोठ्या खोलगट थाळ्या एकमेकींकडे तोंड करून दूर दूर उभ्या असतात. प्रत्येकीसमोर एक कडी किंवा खूण असते. धाकट्याने पहिल्या वेळी तिथे उभं राहून बोंब ठोकली, "आज्जीऽऽ, ऐकू येतंय काऽऽ?" ऐकू येणारच. ते तर फाटकाबाहेरच्या भेळवाल्यालाही आलं असेल.

नीट करायचं ते असं. एकाने एका थाळीपाशी, दुसऱ्याने दुसरीपाशी उभं राहायचं. गंमत ही की एकमेकांकडे पाठ करायची. तोंड थाळीकडे, ओठ कडीच्या अगदी जवळ. आता एक आकडा कुजबुजायचा, शेजारी उभ्या असलेल्यालाही धड ऐकू येऊ नये इतका हळू. पलीकडच्याने कान कडीपाशी ठेवायचा. आधी अंदाज घ्या: ऐकू येईल? थोरली म्हणाली, "शक्यच नाही, पाठ आहे." मग पलीकडून तिच्या कानात स्पष्ट "सत्तेचाळीस" आलं आणि ती दचकून मागे वळली.

आता एक बदल. आकडा तसाच कुजबुजायचा, फक्त तोंड कडीपासून हातभर बाजूला न्यायचं. आवाज गायब. थाळी काय करते ते इथे कळतं. कडीच्या जागेवरून निघालेला आवाज थाळीवर कुठेही आपटला तरी तो सरळ, समांतर होऊन पलीकडे जातो. तिथली थाळी तो सगळा गोळा करून आपल्या कडीवर आणून सोडते. कडी म्हणजे नाभी, फोकस. ती सोडली की गणित बिघडलं. घरच्या गच्चीवरची डिश अँटेनाही याच आकाराची असते आणि तिच्यापुढे दांड्यावर बसवलेली डबी म्हणजे ही कडीच. हे आम्हाला सांगावं लागलं नाही. थोरलीला डोंबिवली स्टेशनजवळच्या गच्च्या बघून आपोआप आठवलं, संध्याकाळी.

उद्यानात : स्वतःला उचलणं

मी इथे पाऊण तास घालवते आणि तुम्हीही घालवा. खुर्चीत बसायचं आणि वरून आलेला दोर ओढून स्वतःलाच वर उचलायचं. अशा खुर्च्या बहुधा शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकीच्या कप्प्यांची संख्या वेगळी असते.

धाकटा एका खुर्चीत बसला, लाल होईपर्यंत ओढलं, हलला नाही. शेजारच्या खुर्चीत बसला आणि डुलत डुलत वर गेला. त्याला वाटलं आपल्यात ताकद आली. सासूबाई बाकावरून बघत होत्या. त्यांचं माहेर देवरूखकडचं, विहिरीवर रहाटाने पाणी काढलेल्या. त्या म्हणाल्या, "रहाटाला पण कप्पीच असते. पण कळशी काही हलकी होत नाही. मग हा कसा हलका झाला? उरलेलं वजन गेलं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर फलकावर शोधू नका, दोर मोजा. खुर्चीला वर धरून ठेवणारे दोर किती आहेत? बसणाऱ्याच्या हातातला दोरही त्यात धरायचा, कारण तो खुर्चीतल्याच माणसाने धरलेला आहे. चार दोर असतील तर वजन चौघांत वाटलं गेलं. धाकटा आणि खुर्ची मिळून २८ किलो धरा, तर त्याच्या हाताला साधारण ७ किलो येतात. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त. उरलेलं वजन कुठेही जात नाही, ते वरचा आडवा खांब सोसतो.

मग यात फुकट काय मिळालं? काहीच नाही, आणि सुतळी बरोबर घेतली ती याचसाठी. सुतळीचा हातभर तुकडा धरा आणि खुर्ची तेवढी वर जाईपर्यंत हातातून किती दोर गेला ते मोजा. चार दोरांच्या खुर्चीला हातभर चढायला चार हात दोर ओढावा लागतो. जोर चौथाई लागतो, ओढायचं चौपट. रहाटावर विहिरीच्या काठाला टांगलेली एकच कप्पी असते आणि काढणारी बाई काठावर उभी असते, कळशीत नसते. म्हणून कळशीला धरणारा दोर एकच. तिथे वजन कमी होत नाही, फक्त दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढता येतं आणि अंगाचा भार टाकता येतो.

हे ऐकल्यावर सासूबाई उठल्या, पिशवी माझ्याकडे दिली आणि खुर्चीत बसल्या. पंजाबी ड्रेस पुढच्या खेपेपासून.

सुरक्षेचं एवढंच: दोर एकदम सोडू नका. हळूहळू सोडत खाली यायचं, नाहीतर तळवे सोलवटतात. आणि कप्पीत बोट घालून बघायची ओढ सहा वर्षांच्या मुलाला असतेच.

झोक्याचा निकाल

उद्यानात वेगवेगळ्या लांबीचे झोके किंवा लंबक असतील तर घरच्या वादाचा निकाल तिथेच लावा. आधी मूल, मग बाबा, त्याच झोक्यावर. दहा हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. पुढे जाऊन परत आला की एक हेलकावा. आमच्याकडे दोन्ही वेळा जवळपास सारखंच आलं आणि दोन्ही तट हरले. फरक पडतो तो दोराच्या लांबीने. वजनाने नाही. थोडा फरक दिसला तर एक लक्षात घ्या: उंच माणूस बसला की वजनाचा मध्य वर सरकतो, म्हणजे दोर किंचित आखूड झाल्यासारखं होतं. हे थोरलीने हट्टाने शोधून काढलं. मला सुचलं नव्हतं.

लांब नळीतल्या प्रतिध्वनीचं खेळणं असेल तर दोन मिनिटं पुरेत. आवाज हवेत सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, आणि मूळ आवाज व प्रतिध्वनी वेगळे ऐकू यायला सेकंदाचा दहावा भाग तरी मध्ये लागतो. म्हणून समोरची भिंत निदान १७ मीटरवर हवी. कोकणकड्यावर ओ येते आणि बेडरूममध्ये येत नाही ती यामुळे.

आत : तीनच दालनं

नकाशा बघून तीन निवडा. एक थोरलीने, एक धाकट्याने, एक आजीने. बाकीची पुढच्या वेळी. आम्हाला हाताशी लागलेली काही खेळणी सांगते.

अंतर्गोल मोठा आरसा. लांबून चालत या. लांबून तुम्ही उलटे दिसता, डोकं खाली. जवळ येत गेलात की एका ठिकाणी चेहरा पसरून धुरकट होतो, आणि त्याच्या आत आलात की एकदम सुलटा, भला मोठा. धुरकट होतं ती जागा पायाच्या बोटाने धरून ठेवा, नाभी तिथून आरशापर्यंतच्या साधारण निम्म्या अंतरावर. थोरलीला लगेच कुजबुजीची थाळी आठवली. दोन खेळणी एकमेकांना जोडली गेली की दिवस वसूल. असा क्षण आला की मध्ये बोलू नका.

रंगीत सावल्या. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एका पांढऱ्या भिंतीवर पडतात आणि भिंत पांढरीच दिसते. हाच पहिला धक्का. मग हात धरला की सावल्या काळ्या पडत नाहीत, रंगीत पडतात. लाल दिवा अडला तिथे मोरपिशीसारखी, हिरवा अडला तिथे राणी रंगाची, निळा अडला तिथे पिवळी. रंगपेटीतले लाल-हिरवे-निळे एकत्र केले तर चिखल होतो आणि इथे पांढरं होतं, हे मुलांना पटत नाही. पटवायला जाऊ नका. रंग प्रकाश गिळतात, दिवे प्रकाश देतात, एवढंच सांगून सोडून द्या.

फिरतं ताट. त्यावर बसायचं किंवा उभं राहायचं, हात पसरून हळू गिरकी घ्यायची आणि मग हात छातीशी ओढायचे. वेग झपकन वाढतो. हे सासूबाईंना नवं नव्हतं. "फुगडी घालताना जवळ आलं की गरगरतंच की," त्या म्हणाल्या. बरोबर. वजन आसाच्या जवळ आलं की तेवढीच गिरकी जास्त वेगाने होते. एक बदल म्हणून दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरून बघा, फरक आणखी ठळक होतो. जेवणाआधी करायचं, नंतर नाही. हे अनुभवाने सांगते, जास्त विचारू नका.

चढावर जाणारा शंकू. दोन शंकू बुडाशी जोडून केलेला एक भोवरा दोन पट्ट्यांवर ठेवलेला असतो. पट्ट्या एका बाजूला उंच आणि फाकलेल्या. भोवरा खालच्या टोकाला ठेवला की स्वतःहून चढावर जातो. मुलं टाळ्या वाजवतात आणि पळतात. थांबवा. गुडघ्यावर बसून, डोळा पट्ट्यांच्या पातळीला आणून, भोवऱ्याच्या टोकाकडे बघायला सांगा. जमिनीपासून टोकाची उंची वितीने मोजा, आधी आणि नंतर. टोक खाली आलेलं असतं. पट्ट्या फाकल्यामुळे शंकू त्यांच्यामध्ये जास्त रुततो, म्हणजे चढतोय असं दिसलं तरी त्याचं वजन खालीच येत असतं. वितीने मोजल्याशिवाय हे खरं वाटत नाही.

डायनासोर, वाफेचं इंजिन, विमान यांना फोटोपुरता वेळ. माझ्या मुलांना त्यात रस नाही, तुमच्या असेल तर मी कोण सांगणारी.

काही येत नसलं तर

पालकांची मोठी भीती ही: मुलाने विचारलं आणि आपल्याला आलं नाही तर? मी बी.कॉम. माझं उत्तर ठरलेलं आहे: "मला नाही माहीत, काय बदलून बघूया?" हे टाळाटाळीचं उत्तर नाही. नव्वद टक्के वेळा पुढचा प्रयोग त्यातूनच निघतो. उरलेल्या वेळी प्रश्न वहीत. दालनात प्रात्यक्षिकं करून दाखवणारी मंडळी असतात. त्यांना "हे काय आहे?" असं विचारलंत तर पाठ केलेलं मिळेल. त्याऐवजी मुलालाच पुढे करा आणि "हे कधी चालत नाही?" असं विचारायला सांगा. मग ती माणसं खुलतात.

बंद पडलेलं खेळणं दिसलं तर चुकचुकत पुढे जाऊ नका. काय तुटलं असेल ते शोधायला लावा. पट्टा? तार? दोर? एकदा आम्ही कुठल्याशा प्रदर्शनात बंद पडलेल्या एका यंत्राभोवती जितके रमलो तितके चालू यंत्रांभोवती रमलो नव्हतो.

काही मुलांना अंधार, मोठा आवाज किंवा गर्दी सोसत नाही. धाकटा आरशांच्या भुलभुलैयात रडला होता. अशा मुलाला आधी बाहेरून दाखवा, भावंडं आत जाऊन येताना बघू द्या. नको म्हणाला तर नको.

आणि एकूण अडीच तास, जेवण धरून तीन. मुलं मजेत असतानाच निघा. कंटाळून निघालेलं मूल पुढच्या वेळी यायला कुरकुरतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री वही उघडू नका. दोन दिवसांनी, एखाद्या कंटाळवाण्या संध्याकाळी, पुढचं एखादं काढा.

लंबक: दाराच्या चौकटीला सुतळी बांधून खाली कुलूप अडकवा. गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. दहा हेलकाव्यांना जवळपास २० सेकंद लागतील. आता सुतळी २५ सेंटिमीटर करा आणि आधी अंदाज विचारा. लांबी चौथाई झाली म्हणून सगळे ५ सेकंद म्हणतात. येतात १०. मग कुलूप काढून किल्ल्यांचा जुडगा लावा आणि पुन्हा मोजा.

पट्टी पकडणं: ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची, शून्याचं टोक खाली. समोरच्याची बोटं शून्यापाशी उघडी. न सांगता सोडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर त्याला सुमारे ०.१७ सेकंद लागले, २० वर पकडली तर ०.२. मग ज्याला आपण मोबाइल बघत रस्ता ओलांडू शकतो असं वाटतं, त्याच्या हातात मोबाइल देऊन पुन्हा करा.

हेअर ड्रायर आणि पिंगपाँगचा चेंडू: थंड हवेचं बटण लावून तोंड वर धरा, चेंडू झोतात सोडा. तरंगतो. ड्रायर हळूहळू तिरका करा, तरी पडत नाही. किती तिरका करता येतो यावर आमच्या घरी पैजा लागतात.

ज्यांना याची चटक लागेल त्यांनी अरविंद गुप्तांची टाकाऊतून टिकाऊ खेळणी नेटवर शोधावीत. पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. स्ट्रॉ, काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, बस.

आणि आरसा स्वयंपाकघरातच असतो. परवा मी पोळ्या लाटत होते. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून धुतलेला डाव पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी तो तोंडासमोर धरला, मग उलटा केला, मग परत सुलटा. मग हात लांब नेऊन हळूहळू जवळ आणला.

"अगं, पण हा सुलटा होतच नाही," त्या म्हणाल्या. "तिथल्या आरशात होत होता."

"डाव लहान आहे ना आई, अजून जवळ आणून बघा."

त्यांनी चष्मा काढला आणि डाव पार डोळ्याला भिडवला.